इंजिन बदललं, पण अ‍ॅव्हरेज गिअरनं दिलं

ट्रॉय, मिशिगन
१४ सप्टेंबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आबांची विलिस जीप पुन्हा रस्त्यावर आणायची आणि तिला डिझेल इंजिन बसवायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस, ‘तुझ्या कॅमारोचं (माझ्या जुन्या शेवरोले गाडीचं) इंजिन बदलल्यावर अ‍ॅव्हरेज किती देते?’ फोनवर एका आकड्यात सांगून टाकलं असतं. पण तेवढ्यावर तू लगेच इंजिन शोधायला बाहेर पडशील आणि त्या आकड्यामागचं कारण बाजूला राहील, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आकडा. जुन्या इंजिनावर हायवेला लिटरमागे साडेपाच किलोमीटर मिळायचे, शहरात चार-सव्वाचार. आता हायवेला साडेआठ आणि शहरात सहाच्या आसपास. तुझ्या अल्टोपुढे हे काहीच नाही, पण १९६९ सालच्या आठ सिलिंडरच्या गाडीला हायवेवर तेवढ्याच अंतराला एक तृतीयांशाहून जास्त पेट्रोल कमी लागतंय. मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

माझ्याकडे गाडी आली तेव्हाच तिचं कारखान्यातलं मूळ इंजिन तिच्यात नव्हतं. ते असतं तर मी हात लावला नसता. इथे इंजिनावरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळणाऱ्या गाड्या लोक जिवापाड जपतात आणि ते योग्यच आहे. माझ्या गाडीत कुणीतरी नंतर बसवलेलं साडेतीनशे क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं शेवरोलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ जातीचं इंजिन होतं, पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरसकट. त्याच्या जागी मी सिल्व्हराडो पिकअप ट्रकमधून निघालेलं ५.३ लिटरचं इंजिन घातलं. लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमची हेड, आणि कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ज्या घराण्यातलं पहिलं इंजिन आलं, त्याच घराण्यातलं हे ट्रकचं भावंड. भंगारात अशा ट्रकांची रास पडलेली असते, त्यामुळे स्वस्तात मिळतं आणि साध्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालतं.

आता मुद्द्याचं. या इंजिनासोबत मी त्याचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही घेतला. जुना गिअरबॉक्स तीन गिअरचा, आणि त्याचा शेवटचा गिअर सरळ एकास एक. मागच्या डिफरन्शियलचं (चाकांना फिरवणाऱ्या मागच्या गिअरपेटीचं) गुणोत्तर ३.७३, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे. म्हणजे ताशी ११३ किलोमीटरला, इथल्या सत्तर मैलांना, जुनं इंजिन मिनिटाला जवळजवळ ३,४०० फेरे मारत होतं. नव्या गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फक्त ०.७० फेरे. गाडी तीच, टायर तेच, डिफरन्शियल तेच, वेगही तोच, आणि फेरे २,४०० च्याही खाली. इथेच मोठी बचत झाली.

आता कारण सांगतो. त्या वेगाला या गाडीला हवा कापायला आणि टायर फिरवायला तीसेक अश्वशक्ती पुरते. इंजिन मात्र पावणेतीनशेच्या वर देऊ शकणारं. मग ते जवळजवळ मिटलेल्या थ्रॉटलमधून (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेतून) हवा ओढत बसतं आणि त्या ओढण्यातच पेट्रोल जळतं. फेरे कमी झाले की तीच ताकद देण्यासाठी थ्रॉटल जरा जास्त उघडावा लागतो, इंजिन मोकळा श्वास घेतं आणि आतलं घर्षणही घटतं. माझ्या ओळखीच्या एकानं त्याच्या जुन्या गाडीत ६.२ लिटरचं झकास नवं इंजिन बसवलं, पण गिअरबॉक्स तीन गिअरचाच ठेवला. पिकअप असा की पाठ सीटला चिकटते. अ‍ॅव्हरेज मात्र लिटरमागे एक किलोमीटरही वाढलं नाही.

इंजेक्शनचा फायदा नाही असं म्हणत नाही, शहरात तोच जास्त दिसतो. कार्ब्युरेटर नीट लावलेला असला तरी थंडीत, गरमीत, चढावर त्याला अंदाजानंच पेट्रोल द्यावं लागतं. इंजेक्शनच्या इंजिनात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सतत सांगत असतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण एकास १४.७ च्या जवळ धरून ठेवतो. पाय उचलला आणि गाडी गिअरमध्येच उतरत असली की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, १९९५ पासून. मैलोन्‌मैल गाड्या गोगलगायीसारख्या सरकत असतात. जुन्या इंजिनावर तिथे डोळे चुरचुरायचे आणि कपड्यांना पेट्रोलचा वास यायचा. यंदा शेजारी बसलेल्या मुलीनं काच पूर्ण खाली ठेवली होती.

पण हे सगळं इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंगची फाइल नीट केली तरच. इथे इंजिन बदलून देणारे काही जण चोरीविरोधी कुलूप आणि मागचे सेन्सर काढताना पुढचे ऑक्सिजन सेन्सरही बंद करून टाकतात, कारण मग डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पेटत नाही आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. तसं झालं की इंजेक्शनचं इंजिनही अंदाजानंच चालतं. दुसरं म्हणजे सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या जोडाला बारीक गळती असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर विनाकारण जास्त ओतत राहतो. माझ्या गाडीतली अशी गळती गॅस्केट बदलल्यावर थांबली आणि आकडा लगेच सुधारला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर थंड करणारं पाणी सोडणारी झडप, कंपनीनं दिलेलाच ठेवला. ७१ अंशांना उघडणारा थंड थर्मोस्टॅट घालायची इथे फॅशन आहे. इंजिन पुरतं तापतच नाही आणि पेट्रोल जास्त खातं. इंजिनाच्या झडपा उघडणारा कॅमशाफ्टही ट्रकचाच ठेवला. मोठ्या कॅमचा घडघड आवाज ऐकायला मलाही आवडतो, पण तो कमी फेऱ्यांवर इंजिनाचा जोर घालवतो, आणि मला तर कमी फेऱ्यांवरच चालायचं होतं.

मोजताना एक काळजी घे. टायर मोठा केला किंवा गिअरबॉक्स बदलला की मीटरवरचे किलोमीटर खरे राहत नाहीत. दोन इंच मोठा टायर घातला तर मीटर साधारण सात टक्के कमी दाखवतो, आणि माणूस समजतो अ‍ॅव्हरेज घटलं. मी हायवेच्या कडेच्या मैलाच्या पाट्यांवरून मीटर तपासला. टाकी दर वेळी त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करेपर्यंतच भरतो.

पैशाचं म्हणशील तर ते निघणार नाहीत. वर्षाला पाच हजार किलोमीटर धर. वाचतात सव्वातीनशे लिटर, म्हणजे इथल्या दरानं काही शे डॉलर. इंजिन, वायरिंग, टाकीतला नवा पंप (कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब पाच-सात पीएसआय पुरतो, याला अठ्ठावन्न लागतो) हा सगळा खर्च त्यातून भरून यायला खूप वर्षं जातील. मी पेट्रोल वाचवण्यासाठी हे केलंच नाही. गाडीची टाकी अठरा गॅलनची, अडुसष्ट लिटर. पूर्वी पावणेचारशे किलोमीटरवर ती कोरडी व्हायची, म्हणून लांबच्या प्रवासाला बाहेर काढायलाच नको वाटायचं. आता पावणेसहाशे जाते. या उन्हाळ्यात आम्ही उत्तरेला मॅकिनॉ पुलापर्यंत गेलो, कुठेही पेट्रोल न भरता. शिवाय २,४०० फेऱ्यांवर गाडीत बसून बोलता येतं. बायको आता स्वतःहून म्हणते, ‘कॅमारो काढू या’.

१९७३ च्या ऑक्टोबरात तेलबंदी आली, पंपांवर रांगा लागल्या, पुढच्या वर्षी साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि या गाड्या लोकांनी मिळेल त्या भावाला काढल्या. कितीतरी भंगारात गेल्या. तेव्हा यांना एक जास्तीचा गिअर मिळता तर सगळ्या वाचल्या असत्या असं नाही, पण काही तरी नक्कीच वाचल्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

आता तुझी जीप. जुन्या विलिसच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर बहुतेक ५.३८ असतं. तिच्या मूळच्या टायरांवर ताशी ऐंशीला इंजिन तीन हजारांच्या वर फिरणार, मग तू कुठलंही डिझेल घाल. म्हणून इंजिनाच्या आधी गुणोत्तर बघ. पुढच्या चाकांना दगड लाव, गाडी न्यूट्रलमध्ये ठेव, मागचं एकच चाक जॅकवर उचल. ते चाक हातानं पूर्ण दोन फेरे फिरव आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा) किती फेरे फिरतो ते खडूची खूण करून मोज. तोच तुझा आकडा. सव्वापाचच्या वर आला तर आधी पाच गिअरचा गिअरबॉक्स किंवा कमी गुणोत्तराचा डिफरन्शियल शोध, इंजिनाचं नंतर. आणि काही उघडण्याआधी आरटीओची परवानगी काढ, आरसीवर नवा इंजिन नंबर चढला पाहिजे.

आकडा, टायरचं माप आणि कुठलं इंजिन डोळ्यासमोर आहे, हे लिहून पाठव. फेऱ्यांचा हिशोब मी करून देतो.

आबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अवि