उत्क्रांती घड्याळ लावूनही पाहता येते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘उत्क्रांती कोणी डोळ्यांनी पाहिली आहे काय?’ हा प्रश्न वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून डोके वर काढतो. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हाही तो विचारला गेला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात हा विषय आहे. मात्र तेथे निरनिराळ्या प्राण्यांच्या भ्रूणावस्थांची चित्रे शेजारीशेजारी मांडली जातात आणि त्या अवस्था पार पडण्यास कोणाला किती वेळ लागतो, हे बाजूलाच राहते. वास्तविक वाढीचा वेळ हीसुद्धा उत्क्रांत होणारी गोष्ट आहे आणि ती मोजता येते.

फळांच्या गाड्यावर घोंघावणारी चिलटे, म्हणजे ड्रॉसोफिला, यासाठी सोयीची आहेत. अमेरिकेतील बर्कले येथील संशोधक कुंट्झ आणि आयझेन यांनी 2014 मध्ये ड्रॉसोफिलाच्या 11 प्रजातींचे भ्रूण 17.5 ते 32.5 अंश सेल्सिअस अशा निरनिराळ्या तापमानांत वाढताना चित्रित केले. उष्ण प्रदेशातील प्रजाती समशीतोष्ण प्रदेशातील भाऊबंदांपेक्षा लवकर वाढतात, असे त्यांना आढळले; तरीही एकूण कालावधीतला प्रत्येक अवस्थेचा वाटा जवळजवळ तोच राहिला. माझ्या मते आश्चर्य वाटावे ते याचेच, कारण कोट्यवधी वर्षांत चाल बदलली, पण ताल मोडला नाही.

येथे एक खबरदारी हवी. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर ही प्रयोगशाळांतील नेहमीची प्रजाती 25 अंशांना अंड्यापासून माशी होण्यास सुमारे 10 दिवस घेते, तर 18 अंशांना जवळजवळ दुप्पट. त्यामुळे माश्या वाढवलेली मिरजेतील मार्चची बाटली आणि महाबळेश्वरातील डिसेंबरची बाटली यांत दिसणारा फरक हवेचा मानावा लागेल. आनुवंशिक फरक ओळखण्यासाठी दोन्ही बाटल्या एकाच खोलीत हव्यात.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अमिताभ जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लवकर बाहेर पडणाऱ्या माश्यांनाच पुढच्या पिढीचे पालक होऊ देत, शेकडो पिढ्या चालवल्या. वाढीचा काळ स्पष्टपणे घटला, आणि त्याची किंमत म्हणून माश्या आकारानेही लहान झाल्या. ही उत्क्रांती माणसांनी पाहिली, नोंदली, आणि तीही शेजारच्याच राज्यात.

सांगली-साताऱ्याच्या शाळांनी याची छोटी आवृत्ती करून पाहावी, अशी माझी सूचना आहे. पिकलेले केळे आणि कापसाचा बोळा एवढ्यावर बाटली तयार होते. अळी खाद्यातून वर चढून काचेला चिकटते, कोष पिवळसराचा तपकिरी होतो, मग आतले डोळे लाल दिसू लागतात आणि शेवटी पंख काळवंडतात. हे सारे साध्या भिंगातून दिसते आणि प्रत्येक टप्प्याची वेळ बाटलीवर लिहिता येते. काही बाटल्यांत दर पिढीला आधी निघालेल्या माश्याच पुढे न्याव्यात, तर बाजूच्या बाटल्यांत निवड न करता तेवढ्याच माश्या न्याव्यात. अंड्यांची संख्या मात्र सर्व बाटल्यांत सारखीच ठेवावी, कारण दाटी झाली की वाढ लांबते. वर्षभरात वीसेक पिढ्या सहज होतील. फरक पडो वा न पडो, नोंदवही विज्ञान प्रदर्शनात जशीच्या तशी मांडावी.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सांगली