तेरा मणक्यांची मान

झुरिच

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोटोतला डायनासोर कुठला, म्हणून विचारलंत. डायनासोर नाही हो बाबा, तो टॅनिस्ट्रोफियस, लांब मानेचा एक प्राचीन सरपटणारा प्राणी. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर माँते सान जॉर्जो नावाचा डोंगर आहे. सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, त्याच्या गाळात हा सापडला. मोठा प्राणी पाच-सहा मीटरचा, त्यात निम्मी मानच! मणके मात्र फक्त 13, एकेक नळीसारखा लांब. अशी सुटी हाडं आधी मिळाली तेव्हा ती उडणाऱ्या सरड्याच्या पंखातली वाटली होती. पुढे 1929 साली इथल्या विद्यापीठातल्या बेर्नहार्ड पायर यांना अख्खा सांगाडा मिळाला आणि पंख गळून पडले.

त्याच खडकांत दीड मीटरचेही मिळतात. ती पिल्लंच असणार, असं बरेच दिवस धरून चालले होते. मग हाडांचे पातळ काप काढून पाहिले, तर आत वाढीची वर्तुळं, झाडाच्या खोडात असतात तशी. म्हणजे ते पूर्ण वाढलेले होते! त्यामुळे 2020 साली मोठ्याला वेगळी जात ठरवून हायड्रॉइडिस नाव दिलं. एवढ्या लांब मानेचा तोटाही होताच. दोन सांगाड्यांचं नुसतं डोकं आणि मानेचा तुकडा उरलाय, तुटल्या जागी दातांच्या खुणा आहेत.

नात्यागोत्याचं मला सगळ्यात आवडतं. चीनच्या ग्वेइचौमधल्या डायनोसेफॅलोसॉरसचीही मान अशीच लांबलचक, पण तिच्यात 32 मणके. म्हणजे एकाने मणके ताणले, दुसऱ्याने वाढवले. पूर्वी लांब मानेच्या अशा सगळ्यांना एकाच कुळात कोंबत; आता ते कुळ मोडीत निघालंय. मगरी, डायनासोर आणि पक्षी ज्या मोठ्या शाखेतले, तिच्याच बुंध्याजवळून हे वेगवेगळे फुटले, असं मानतात.

आपल्या सिरोंच्याजवळचाही एक आहे बरं का! प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणाच्या बाजूला येर्रापल्लीचे लाल खडक आहेत, त्यातला पामेलारिया. हाही लांब मानेचा, पण जमिनीवरचा. 2003 साली नाव दिलं तेव्हा त्याच जुन्या कुळात घातला होता, आता तोही दुसऱ्या शाखेत गेलाय. नाव जीवाश्म अभ्यासणाऱ्या पामेला रॉबिन्सनबाईंवरून. कोलकात्याची सांख्यिकी संस्था काढणाऱ्या महालनोबिसांनी त्यांना लंडनहून तिथे बोलावून घेतलं होतं, म्हणून पामेलारियाची हाडं त्या संस्थेत!

डिसेंबरात आले की कोलकात्याला जाऊ या. आईला गुडघे झेपतील का, तेवढं विचारून ठेवा.

तुमची,
मनू