वाडा पाडायच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, पुढची ओसरी पाडून स्लॅब टाकायचा म्हणताय, ठेकेदारही बघून गेला म्हणे. फोनवर माझ्याच्यानं नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. आई, बारीक अक्षरानं त्यांचे डोळे दुखतात, तू वाचून दाखव.

दार्जिलिंगला आम्ही विंडामियर हॉटेलात उतरलो होतो. आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरचं गाव. खर्च बराच झाला, पण मला ते घर आतून बघायचंच होतं. एकोणिसाव्या शतकात तिथं 'एडा व्हिला' नावाची खानावळवजा राहायची जागा होती, चहाच्या मळ्यांवरच्या बिनलग्नाच्या इंग्रज आणि स्कॉटिश साहेबांसाठी. 1881 मध्ये आगगाडी गावापर्यंत चढली, पाहुणे वाढले. बाबा, ती गाडी अजून धावते. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे, आपल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांपेक्षाही अर्धा फूट कमी. 1999 मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. आपली शकुंतला मात्र बंद पडली, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

1939 मध्ये त्या घराचं हॉटेल झालं. दार्जिलिंगच्याच टेंडुफ-ला कुटुंबानं ते चालवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. साहेब गेले, राज्य बदललं, आणि साहेबांची जागा तिथल्याच माणसांच्या हातात जिती राहिली.

आई, ही गोष्ट तुला आवडेल. 1959 मध्ये होप कुक नावाची अमेरिकन कॉलेजकन्या तिथं उतरली होती. हॉटेलच्या बैठकीत सिक्कीमच्या युवराजांशी तिची ओळख झाली, 1963 मध्ये लग्न झालं आणि ती सिक्कीमची राणी झाली. 1975 मध्ये सिक्कीम भारतात आलं, ती राजगादी गेली; बैठक आहे तिथंच आहे.

संध्याकाळी एक बाई खोलीत येऊन कोळशाची शेकोटी पेटवायची. आधी बारीक काटक्या, मग कोळसा, मग राखेचा हात फरशीला लागू नये म्हणून जुनं फडकं. जाताना गरम पाण्याची रबरी पिशवी रजईत पायथ्याशी सरकवायची. नळाला गरम पाणी होतं, तरी ही रीत कुणी मोडली नव्हती. जमीन चालताना करकरते, खिडक्या थोड्या अडतात. त्याची लाज कुणाला वाटत नाही, उलट लोक त्यासाठीच दुरून येतात.

मला आपला वाडा हॉटेल करायचा नाही. पण ओसरीचे सागवानी खांब आज घ्यायला गेलो तर मिळायचे नाहीत. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असतं, तेव्हा मातीच्या त्या जाड भिंतींमागं बंगईवर दुपारी झोप लागते. शेजारच्या नव्या घरात कूलर लावूनही रात्री स्लॅब भाजतो, हे तुम्हीच मला सांगितलंत.

तुमचा त्रासही मला ठाऊक आहे. माकडं छपरावरचे कवेलू फोडतात, मृगाच्या आधी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, दोन खांबांना खालून उधई लागली आहे, आणि या वयात बाबांनी शिडी चढावी असं मलाही वाटत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की खालून पत्रा टाकू आणि वर हेच कवेलू बसवू, म्हणजे एखादं फुटलं तरी गळणार नाही. खांब पूर्ण काढायची गरज नाही, सडलेला बुडखा कापून तिथं दगडी उथळं उंच करता येतं. परतवाड्याला जुन्या लाकडाचं काम जाणणारे सुतार आहेत, त्यांतल्या एकाला आधी दाखवू. माजघरामागं पक्की न्हाणी आणि कमोड मात्र यंदाच करून घेऊ, आईचे गुडघे थांबणार नाहीत.

यातला अर्धा खर्च माझा. वावरातल्या संत्र्याच्या पैशाला हात लावू नका.

ठेकेदाराला इसार दिला नसेल तर देऊ नका. दिवाळीला मी आठ दिवस जास्त रजा टाकली आहे. तोवर उधई लागलेल्या त्या दोन खांबांना टेकू देऊन ठेवा आणि पोरांना त्या बाजूला खेळू देऊ नका.

तुमची,
लेक