उयुनीला जायचे तर सुक्रेमार्गे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बोलिव्हियातील उयुनीच्या मिठाच्या मैदानाचे आरशासारखे फोटो आता आपल्या पर्यटन पुरवण्यांतही दिसू लागले आहेत. मात्र त्यासोबत ‘ला पाझला उतरा, रात्रीच्या बसने उयुनी गाठा, सकाळी जीपमध्ये बसा’ असा जो तीन ओळींचा सल्ला दिला जातो, तो धोक्याचा आहे. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला, सुमारे ४,०६० मीटरवर आहे. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे उतरल्यावर दोन दिवस नुसता आराम करायचा, हे आपल्याकडे आता बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून पाचशे मीटर उंचीवर उतरून कोणी त्याच रात्री बस पकडू नये.

त्यापेक्षा बोलिव्हियातल्याच सांताक्रूझला उतरावे. हे शहर जेमतेम चारशे मीटरवर आहे. तिथून सुक्रे (२,८०० मीटर) विमानाने पाऊण तासाचे, बसने एका रात्रीचे. सुक्रेत तीन रात्री काढाव्यात. पुढे पोतोसीमार्गे उयुनी गाठायला रस्त्याने सात-आठ तास लागतात. पोतोसी चार हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे तिथे मुक्काम न करता पुढे जाऊन उयुनीला (सुमारे ३,६७० मीटर) झोपावे आणि जीप आणखी एक दिवस सोडून ठरवावी. दिवसा किती उंच चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो, हे महत्त्वाचे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची शक्यतो एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढू नये; या वाटेवर ती थोडी जास्त वाढतेच, म्हणून उयुनीतला तो जादा दिवस.

तीन दिवस-दोन रात्रींची नेहमीची जीपसफर उयुनीहून चिलीतील सान पेद्रोकडे करावी, उलट नव्हे. सान पेद्रो २,४०० मीटरवर आहे. तिथून निघालेली गाडी तासाभरात ४,४८० मीटरवरच्या हितो काहोन या सीमानाक्यावर पोचते, मग सोल दे मान्यानाच्या उकळत्या चिखलकुंडांशी ४,८५० मीटरवर, आणि रात्रीचा मुक्काम लागुना कोलोरादा या लाल सरोवराजवळ ४,३०० मीटरवर. म्हणजे एका दिवसात १,९०० मीटर! डोके दुखते, उलट्या होतात. कोणी झोकांड्या देऊ लागले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर खाली उतरवण्यावाचून उपाय नसतो. पण जवळपास इस्पितळ नाही, रस्ता कच्चा आणि नाका रात्री बंद. कोणत्याही दिशेने जा, गाडीत ऑक्सिजनचे नळकांडे आहे का हे पैसे देण्याआधी डोळ्यांनी पाहावे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून चढाईच्या आदल्या दिवसापासून घ्यावी. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

आरसा दिसतो तो पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च. तेव्हा मैदानावर पाणी साचल्याने मिठाच्या मधोमध असलेल्या इंकावासी या खडकाळ बेटापर्यंत गाडी बहुधा जात नाही. खारे पाणी वायरिंगमध्ये शिरले की इंजिन मध्येच बंद पडते, म्हणून चालक गाडी सावकाश हाकतो. त्याला घाई करायला लावू नये. मे ते ऑक्टोबरमध्ये मीठ कोरडे व टणक असते, पण कडेला कवच पातळ असून खाली चिखल असतो. गाड्या रुततात त्या तिथेच. जून-जुलैत रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरतो, त्यामुळे उबदार स्लीपिंग बॅग हवीच. पांढऱ्या मिठावरून ऊन परततेही, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही सनस्क्रीन लावावे, गडद चष्मा काढू नये.

काहीजण याला ‘मिठागर’ म्हणतात, ते पटत नाही. मिठागर माणूस बांध घालून करतो. हे दहा हजार चौरस किलोमीटरचे मैदान प्राचीन सरोवरे आटून तयार झाले आहे. लागुना कोलोरादाचा लाल रंग मात्र आपल्याला अगदीच परका नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते, तेही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळेच.

बोलिव्हियात आंदोलक रस्ते दगड-मालमोटारी लावून दिवसेंदिवस अडवतात आणि अलीकडच्या वर्षांत डिझेलची टंचाईही वारंवार झाली आहे. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. जीपच्या वाटेवरच्या अभयारण्याचे शुल्क व स्वच्छतागृहे यांसाठी रोख बोलिव्हियानो (तिथले चलन) उयुनीतच घ्यावेत, पुढे एटीएम नाही.

चिलीचा व्हिसा हितो काहोनला मिळत नाही, तो आधीच हवा. शिवाय तिथे शेतमालाची तपासणी कडक असते. फळे, बिया, मध, तुपातले लाडू, कडधान्ये यांपैकी काहीही पिशवीत असेल तर घोषणापत्रात तसे लिहावे. लिहिले तर फार तर वस्तू जाते, लपवले तर दंड होतो.

आणि पिवळ्या तापाची लस. बोलिव्हिया भारताच्या यादीतला जोखमीचा देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत मुंबईत उतरणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होते आणि ते मान्यताप्राप्त केंद्राचेच लागते. केंद्रांवर वेळ आधी घ्यावी लागते, त्यामुळे तिकिटे काढली की पहिले काम हेच करावे.

आपला,
एक वाचक, ठाणे