शेंगेतच फुटणारा कोंब

काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला की आमच्या पलूस-तासगाव भागात सोयाबीनच्या वाळल्या शेंगा उभ्या झाडावरच तडकतात आणि आतून पांढरा कोंब डोकावतो. असा माल व्यापारी हातात धरत नाही.

सातूच्या, म्हणजे बार्लीच्या बाबतीत या प्रश्नाचा माग थेट जनुकांपर्यंत लागला आहे. माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी, भिजवलेले दाणे झटपट आणि एकसारखे उगवावे लागतात. पण हीच घाई शेतात नडते, पावसात ओंबीतच मोड येतात. सातूच्या सात गुणसूत्रांच्या नकाशावर दाण्याची सुप्तावस्था (ओल मिळूनही दाणा न उगवता राहतो तो काळ) ठरवणाऱ्या जागा शोधल्या गेल्या. त्यातले पाचव्या गुणसूत्रावरचे 'क्यूएसडी १' हे जनुक २०१६ मध्ये नेमके ओळखले गेले. आता कोवळ्या रोपाच्या पानातले जनुक तपासूनही पैदासकाराला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याला, निवड करता येते, त्यासाठी काढणीच्या पावसाची वाट पाहावी लागत नाही. मला हे पंचनाम्याच्या मदतीपेक्षा मोलाचे वाटते.

'फुले संगम' हा सोयाबीनचा वाण देणारे कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. सोयाबीनचा वाण निवडताना उतारा आणि तांबेरा रोग यांच्याबरोबर शेंगेत कोंब येण्याची खोडही तिथे तपासावी, त्यासाठी शासनाने स्वतंत्र निधी द्यावा आणि निष्कर्ष बियाण्याच्या पिशवीवर छापावा.

– एक सोयाबीन उत्पादक, पलूस (जि. सांगली)