चौथ्या दिवसाबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "हिने मनच सोडलंय, तू जरा हिंमत धरायला सांग." आई, तू मागून काहीच बोलली नाहीस. ते गप्प राहणं माझ्या मनातून जात नाही.

बाबा, दुसऱ्या केमोला मी होते तिथे. त्या रात्री दोन वाजता आई फडताळातले डबे काढून पुसत बसली होती. आणि चौथ्या दिवशी मेथीची जुडी पुढ्यात, चार काड्याही निवडून झालेल्या नाहीत, डोळ्यांना धार. मन सुटलं म्हणून असं होत नाही हो. केमोबरोबर उलट्या थांबवायला डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड. अंगात असतं तोवर झोप उडते, हुरूप येतो. ते थांबलं की माणूस एकदम खाली बसतो, अंगाने आणि मनानेही.

शिवाय केमोचं ते लाल औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं, आणि हाडांच्या मगजातल्या रक्त बनवणाऱ्या पेशीही तशाच. हिमोग्लोबिन उतरलं की जिना चढतानाच दम लागणार. साध्या तापात नाही का, कुणाशी बोलू नये, अंधारात पडून राहावं असं वाटतं? तेव्हा शरीर सायटोकाइन नावाची रसायनं सोडतं, ती मेंदूला सांगतात, पडून राहा. केमोतही ती वाढतात. म्हणून झोप काढूनही हा थकवा जात नाही.

आई, तू आळशी झाली नाहीस, भित्रीही नाहीस. रडू आलं तर रड.

बाबा, 'पॉझिटिव्ह राहा' एवढं म्हणू नका तिला. त्यापेक्षा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत तिच्याबरोबर हळूहळू चाला. थोडं चालल्याने हा थकवा कमी होतो, डॉक्टरही तेच सांगतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचं डॉक्टरांना विचारा. दोन आठवडे कशातच मन लागलं नाही तर तेही सांगा, त्यावरही औषध असतं. ताप 100.4 किंवा त्याच्या वर गेला तर मात्र रात्र असो की पहाट, थेट हॉस्पिटल.

मंगळवारी तिसरी केमो. मी सोमवारी रात्री पोहोचते, आणि या वेळी रविवारपर्यंत राहते.

तुमची,
मनू