प्रत्येक वारसाला कोर्टाची पायरी कशाला?

संपादक महोदय,

घरातला माणूस गेला की नाशकात अजूनही पहिला सल्ला मिळतो तो ‘कोर्टातून वारस दाखला आणा’ असा. बँकेतल्या छोट्या ठेवींसाठी बहुतेकदा त्याची गरजच नसते. नॉमिनी असेल तर दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि नॉमिनीचे ओळखपत्र एवढे पुरते. नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नसेल आणि वाद नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांनुसार १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाख) दावा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्र, हमीपत्र, इतर वारसांचे संमतीपत्र आणि वारस कोण हे सांगणारे कुटुंबाबाहेरच्या परिचित व्यक्तीचे घोषणापत्र यांवर काम होते. या मर्यादेत बँकेला त्रयस्थ जामीनदार मागता येत नाही. शाखेने तरीही कोर्टाचा दाखला मागितला तर कारण लेखी मागा.

मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती आले तरी वारसांचा वाटा कायम राहतो.

शेतजमिनीच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे ३ महिन्यांत अर्ज द्यावा. अडते ते वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात. लग्न झालेल्या बहिणींची नावे गाळली जातात, हरकत येते आणि फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) लटकतो. हे चुकीचे आहेच, अन्यायाचेही आहे. सातबारा, आधार आणि मृत्यू दाखल्यावरचे नाव जुळते का, तेही अर्जाआधीच तपासावे.

– एक वाचक, नाशिक